आण्णांचा गिलावा

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते. रविवारची उपासना संपली, माणसं बाहेर चिंचेखाली बोलत उभी राहिली, आणि सुवार्ता आवळे नेहमीप्रमाणं बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करायला आत थांबली. उत्तरेच्या भिंतीलगतच्या एका बाकावर तिच्या तळव्याला काहीतरी खरखरीत लागलं. तांबूस भुगा होता, रव्यापेक्षा जरा जाडसर. तिनं तो पदरानं पुसून टाकला. पुढच्या रविवारी त्याच जागी पुन्हा भुगा दिसला, तेव्हा तिनं मान वर केली.

वर छपराचं वजन पेलणारी सागवानी कैची होती. तिची आडवी तुळई जिथं भिंतीत शिरत होती, तिथं गिलाव्यावर एक चीर उठली होती. केसाएवढीच. शोधल्याशिवाय दिसली नसती.

त्या बाकावर, बरोबर त्या तुळईखाली, तिचा नवरा बसायचा.

सुवार्तानं सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून केली होती. ताप एकदम चढला की घरचे लोक घाबरतात. नर्सला धास्ती वाटते ती रोज थोडाथोडा चढणाऱ्या तापाची. त्या भुग्यानं तिला तशीच धास्ती घातली. रिटायर झाल्यावर चर्चच्या कमिटीचं सचिवपद तिच्याकडं आलं होतं, चर्चची किल्लीही तिच्याकडंच असायची. म्हणजे सांगायचं तर तिनंच सांगायला हवं होतं. तरी ती कुणाशी काही बोलली नाही, कारण तो गिलावा आण्णांचा होता.

आण्णा म्हणजे तिचे यजमान, शमुवेल आवळे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. कोल्हापुरातलं हे दगडी चर्च इंग्रजांनी आपल्या साहेबलोकांसाठी बांधलेलं. त्या काळी आण्णांचे आजोबा व्हरांड्यात बसून आतल्या पंख्याची दोरी ओढायचे. उपासना त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायची, कळायची नाही. साहेब गेले आणि मराठी मंडळी आत आली. पुढं वीसेक वर्षांपूर्वी भिंतींचा चुना झडून बाकांवर पडायला लागला, तेव्हा आण्णांनी रजा काढली आणि स्वतः उभं राहून आतल्या चारी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. गुळगुळीत, पांढराशुभ्र. बिशपांनी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली होती. लग्नाला बाहेरगावचं कुणी आलं की आण्णा त्याला भिंतीवर हात फिरवायला लावायचे. "बघा की पावणं, कुठं उंचसखल लागतंय का."

आता त्या भिंतीबद्दल बोलायचं म्हणजे आण्णांबद्दलच बोलणं होतं.

एक दिवस आण्णा राधानगरीला बहिणीकडं गेले. ती संधी साधून सुवार्तानं संघप्रियाला फोन केला. संघप्रिया शिंगे ही तिच्याबरोबर दवाखान्यात काम केलेल्या मैत्रिणीची मुलगी, गडमुडशिंगीची. इंजिनियर होऊन पुढं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं शिकून आलेली. ती शिडी घेऊनच आली. वर चढून तिनं लाकडी हातोडीनं भिंतीवर ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण आणि तुळईच्या जवळ गेल्यावर भद्द.

"मावशी, ऐकलासा?"

"ऐकलं."

"जुनी भिंत दगडचुन्याची हाय. अशी भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बांधलं. मग पाणी आतच राहिलं, आणि तुळईचं टोक त्या पाण्यात."

"किती वाईट हाय?"

"गिलावा उकरल्याशिवाय कळायचं न्हाय. वरवरचं असंल, न्हायतर आत काहीच उरलं नसंल." संघप्रिया खाली उतरली आणि हात झटकत म्हणाली, "गुड फ्रायडेला किती माणसं येतात हितं?"

"आजूबाजूच्या गावांतनं सगळी येतात. बाकं पुरत न्हाईत."

"मग त्याच्या आधी बंद करा, मावशी. मी लेखी देते पायजे तर."

सुवार्ता तिथूनच पाळकांच्या बंगल्यावर गेली. रेव्हरंड प्रवीण वाघचौरे वयानं तरुण होते आणि या मंडळीत नवे होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"सिस्टर, दारावर एकदा धोकादायक इमारत म्हणून पाटी लागली, की ती काढायची कुणी?" ते म्हणाले. "एक ईस्टर बाहेर होईल, एक नाताळ बाहेर होईल. मग माणसांना दुसरीकडं जायची सवय लागेल. आधीच आपण किती उरलोय. आणि रिकाम्या चर्चच्या जागेवर डोळा ठेवणारे कमी आहेत का?"

त्यांचं चुकत नव्हतं. चर्च म्हणजे दगड नव्हे, माणसं, हे ती स्वतः संडे स्कूलच्या मुलांना शिकवत आली होती. पण तिचा बाप्तिस्मा त्या दगडांत झाला होता, लग्न तिथंच लागलं होतं, आणि आठ महिन्यांचा असताना गेलेल्या तिच्या मुलाची पेटी त्याच वेदीपुढं ठेवली होती. घरी गुडघे टेकून तिला प्रार्थना यायची नाही. त्या थंड फरशीवर यायची. चर्च बंद करा, असं सांगायला आपणच यावं, हे तिला सोसत नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी कमिटी बसली. आण्णाही कमिटीत होते. पाळकांनी विषय काढला आणि संघप्रियाचं नाव घेतलं. आण्णांनी सुवार्ताकडं बघितलं.

"माझ्या माघारी आणलीवतीस व्हय तिला?"

"तुमच्यासमोर आणली असती तर शिडीवर चढू दिली असती का?"

"न्हाय," आण्णा म्हणाले. मग ते बाकीच्यांकडं वळले. "वीस पावसाळं झालं त्या कामाला. कुठं फुगलं न्हाय, कुठं निखळलं न्हाय. हातोडीनं ठोकून भिंतीचा रोग कळतो व्हय? वाजायचंच की ते, पोकळ जागा असत्यातच. मी नोकरीत काय गवत उपटत न्हवतो."

कुणालाच आण्णांना दुखवायचं नव्हतं आणि कुणालाच चर्च बंद करायचं नव्हतं. शेवटी ठरलं की उत्तरेकडची बाकं दोरी बांधून रिकामी ठेवायची, गुड फ्रायडे आणि ईस्टर होऊ द्यायचं, मग बघू. हात वर करायला सांगितलं तेव्हा सगळ्यांनी केले. सुवार्तानंही केला.

घरी जाताना तिला त्या हाताचीच लाज वाटत होती. दर रविवारी सगळे मिळून जी पापकबुली म्हणतात, तिच्यात केलेल्या पापांबरोबर करायचं राहून गेलेल्या कामांचीही कबुली असते. ते शब्द तिच्या तोंडात इतके बसले होते, की त्यांचा अर्थ लागायचाच बंद झाला होता. आता तो लागला.

पुढचे दोन दिवस आण्णा जेवायला बसायचे, जेवून उठायचे, पण तिच्याशी बोलायचे नाहीत. किल्लीच द्यायची नाही, दार उघडायचंच नाही, असं सुवार्ता मनाशी ठरवायची. मग वाटायचं, आणि त्या तुळईला काहीच झालं नसेल तर? गावोगावची माणसं दारातून परत पाठवायची, नवऱ्याचं सगळ्यांत हसं करायचं, आणि निघायचं काय, तर वरवरचा पोपडा? ती संघप्रियाला पुन्हापुन्हा फोन करायची. ती तेच सांगायची. खात्री देता येत नाही म्हणूनच बंद करा.

शुक्रवारी सुवार्तानं दार उघडलं.

बारा ते तीनची उपासना. वेदीवर काळं कापड. खांबाखांबाला लांब दोरी बांधून उत्तरेकडची बाजू वेगळी काढली होती, त्यामुळं उरलेल्या अर्ध्या भागात माणसं दाटीवाटीनं बसली होती. भिंतीकडेला उभीही होती. म्हातारी तानाबाई नातवंडांना घेऊन अगदी दोरीला चिकटून बसली होती, कारण पंखा तिथंच होता. सुवार्तानं तिला हलवायचा प्रयत्न केला.

"राहू दे गं सिस्टर, जीव उकडून निघतोय," तानाबाई म्हणाली.

पहिलं गीत सुरू व्हायच्या आधी आण्णा आले. काठी टेकत ते दोरीपाशी गेले, दोरी उचलली, वाकून पलीकडं गेले आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. सगळ्यांनी बघितलं. पाळकांनीही वेदीपाशी उभ्या उभ्या बघितलं आणि मग सुवार्ताकडं नजर टाकली.

सुवार्ता दोरीखालून त्यांच्याजवळ गेली. "उठा की. सगळी बघालेत."

"बघू देत. त्यासाठीच बसलोय."

"मग मीबी बसते."

"तू जा तिकडं."

"न्हाय जात."

आण्णांनी तोंड फिरवलं. ती त्यांच्या शेजारी बसली.

येशूनं क्रूसावर उच्चारलेल्या सात वचनांतलं एकेक वचन वाचलं जात होतं, त्यावर एकेक जण बोलत होता, मधे गीत होत होतं. सुवार्ताला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. गीताला सगळी मंडळी एकदम उठायची तेव्हा फरशीला हादरा बसायचा. ऑर्गनचा खर्जातला सूर बाकाच्या लाकडातून तिच्या पाठीला जाणवायचा. तो वरही जाणवत असेल. ती वर बघायची नाही असं ठरवायची आणि बघायची. चीर होती तेवढीच आहे का? तिला वाटलं वाढली आहे. मग वाटलं, नाही. प्रार्थनेसाठी डोळे मिटले तरी मिटलेल्या डोळ्यांपुढं तुळईच होती. दुसरी कुठलीच प्रार्थना सुचेना. प्रभू, हे तीन तास. एवढंच ती म्हणत राहिली.

चौथ्या वचनानंतरचं गीत संपून सगळे खाली बसले. आण्णांच्या मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक उघडं होतं. त्या पानावर थोडा भुगा पडला. आण्णांनी तो फुंकरीनं उडवला. पुन्हा पडला. या वेळी त्यांनी फुंकर मारली नाही. चिमटीत घेऊन बोटांनी चुरडला. मग बोटं नाकाशी नेली.

त्यांनी उभ्या आयुष्यात इतकं लाकूड हाताळलं होतं, की कुजकं लाकूड ते वासावरून ओळखायचे, हे सुवार्ताला ठाऊक होतं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. आण्णांनी चष्मा वर सरकवून तुळईच्या टोकाकडं बघितलं. मग त्यांनी तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि तिच्याच आधारानं उठून उभे राहिले.

"पाळकसाहेब, थांबा जरा."

पाचव्या वचनावर बोलायला उभा राहिलेला माणूस गप्प झाला.

"मंडळी, घाबरायचं काम न्हाय," आण्णा म्हणाले. साइटवर आवाज द्यायची सवय होती, शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. "पळायचं न्हाय, ढकलायचं न्हाय. दाराकडचं बाक आधी, मग त्याच्या मागचं. पोरं फुडं. राहिलेली उपासना भायेर चिंचेखाली हुईल."

"काय झालं, आण्णा?" कमिटीतल्या एकानं विचारलं.

"छप्पर धरंल असं वाटत न्हाय मला."

"परवा तर तुम्हीच—"

"परवा म्हणलोतो. आता हे म्हणतोय. ऊठ."

माणसं उठायला लागली. दार एकच उघडं होतं आणि ते अरुंद. मधेच एक लोखंडी खुर्ची फरशीवर आपटली. त्या आवाजासरशी सगळे जागच्या जागी गोठले, एक लेकरू रडायला लागलं, मागची दोनचार माणसं पुढं रेटायला लागली. "खुर्ची हाय ती, खुर्ची," आण्णा म्हणाले. "चला. सावकाश." पाळक वेदीवरून उतरून दाराशी जाऊन उभे राहिले आणि एकेकाच्या पाठीवर हात ठेवून बाहेर काढू लागले. तानाबाईचे गुडघे धरले होते, तिला उठताच येईना. सुवार्तानं तिच्या काखेत हात घातला, पेशंटला उचलतात तसं उचललं आणि जवळजवळ ओढतच दारापर्यंत नेलं. मागं वळून बघितलं तर आत एकटे आण्णा राहिले होते. रिकाम्या बाकांमधून, एकेका कैचीखालून, काठी टेकत येत होते. ती दारात उभी राहून त्यांची वाट बघत होती आणि ते काही केल्या येऊन पोचत नव्हते.

पोचले. काहीच पडलं नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. चिंचेच्या सावलीत जेवढे मावले तेवढे मावले, बाकीच्यांनी डोक्यावर पदर, रुमाल घेतले. पाळकांनी राहिलेली वचनं वाचली. पण माणसांचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. सगळे छपराकडं बघत होते. अर्धा तास गेला, तास गेला. चर्च होतं तसंच उभं होतं.

"उगंच उठवलं म्हाताऱ्यानं," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. ते आण्णांना ऐकू गेलं, सुवार्तालाही. खरोखर काहीच नसलं तर आता आण्णांचं दोन्हीकडून गेलं. भिंतही आणि शब्दही.

ईस्टरची पहाटेची उपासना आवारातच झाली. आण्णा आले नाहीत.

मंगळवारी संघप्रियानं सगळ्या तुळयांखाली लोखंडी टेकू लावून घेतले आणि परांचीवर चढून उत्तरेकडचा गिलावा उकरायला गवंडी लावले. आण्णा कुणी न बोलावता आले आणि दाराच्या आत खुर्ची टाकून बसले. सुवार्ता त्यांच्या मागं उभी राहिली. छिन्नीच्या प्रत्येक घावाला आण्णांचा खांदा किंचित हलत होता. गिलाव्याचं एक मोठं ढपलं निघालं आणि त्याच्यामागून ओल्या गोणपाटासारखा वास आला.

"मावशी, तिथंच थांबा," संघप्रिया वरून म्हणाली. तिनं तुळईच्या टोकात बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं. पावात जावं तसं.

ती उतरून आण्णांसमोर येऊन बसली, जमिनीवरच. "काका, भिंतीत गेलेलं टोक राहिलंच न्हाय. तुळई भिंतीवर टेकलेली न्हवती. तुमच्या गिलाव्याच्या कडेवर टेकली होती."

आण्णांनी वर तुळईकडं बघितलं. "म्हंजे गिलाव्यानंच धरलीवती?"

"धरली त्यानंच. कुजवली पण त्यानंच."

आण्णांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि ह्याच्या फुडच्या?"

पुढच्या दोन तुळया तशाच निघाल्या.

आणखी किती दिवस टिकलं असतं, हे संघप्रियाला कुणी विचारलं तर ती म्हणायची, सांगता येत नाही. एक गीतभर, एक वर्षभर. मंडळीला ते पुरलं. ‘उगंच उठवलं’ म्हणणारा माणूस घरी येऊन आण्णांचे हात धरून गेला. आण्णांनी त्याला चहा पाजला, पण नजर वर केली नाही.

पाळकांची भीती मात्र खरी ठरली. दारावर पाटी लागली. उपासना जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाली, आणि पावसाळा लागेपर्यंत काही घरं यायची बंद झाली. कळंब्याकडची एक दोन कुटुंबं दुसऱ्या मंडळीत गेली. तानाबाई म्हणायची, हॉलमध्ये देवाला ऐकू जात नाही. चारी भिंतींचा गिलावा काढून भिंती वाळू द्यायच्या, कुजलेली टोकं कापून तिथं नवं सागवान जोडायचं, मग पुन्हा चुन्याचं काम करायचं, असं ठरलं होतं. पण पावसाच्या आधी उत्तरेकडचा गिलावा तेवढा निघाला. ती भिंत भिजू नये म्हणून बाहेरून ताडपत्री बांधली होती. कोल्हापूरचा पाऊस ताडपत्रीला ऐकतो होय? सुवार्ता रोज छत्री घेऊन जायची, टेकूंना हात लावून बघायची, भिंतीवरची ओल काल होती तेवढीच आहे की वर चढली आहे ते बघायची. ओल वर चढत होती. भिंतीच्या बुडातून पाणी कुठून येतंय, ते संघप्रियालाही सापडत नव्हतं.

आण्णा उन्हाळ्यापासून चर्चकडं फिरकले नव्हते. घरात बसून असायचे. सुवार्तानं त्यांना ओलीबद्दल काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण एका दुपारी तिच्या तोंडून निघून गेलं. आण्णा ऐकत होते. मग उठले आणि पायात चप्पल घालायला लागले.

"पावसात कुठं?"

"चल माझ्यासंगं. त्या पोरीला बी फोन लाव."

संघप्रिया येईपर्यंत ते चर्चच्या व्हरांड्यात उभे राहिले. ती आल्यावर म्हणाले, "भिंतीच्या बुडाला झरोकं हुतं. साहेबांनी ठेवलेलं, फरशीखालनं वारं खेळायला. साप शिरत्यात म्हणून मी विटांनी बुजवून घेतलं आणि वरनं माती दाबली. तुला सापडायचं न्हाईत. मलाच म्हाईत हायेत."

"किती हायेत, काका?"

"दावतो की."

ते पायऱ्या उतरून पावसात आले. सुवार्तानं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. भिंतीच्या कडेनं चिखलातून चालत ते एका जागी थांबले, काठीनं माती उकरली, म्हणाले, "हितं." संघप्रियाच्या माणसानं पहार घातली. माती सरली, विटा लागल्या, विटा निघाल्या, आणि आत साठलेलं काळं पाणी बाहेर सांडलं. आण्णा त्याच्याकडं बघत राहिले. पायाखालून पाणी वाहून गेलं तरी हलले नाहीत.

"आता वाळंल का गं ही भिंत?" त्यांनी विचारलं.

"बघायचं," संघप्रिया म्हणाली. "एक पावसाळा काढला तर वाळंल."

सुवार्तानं भिंतीकडं बघितलं. हा पाऊस अजून बराच होता. वर ताडपत्री फडफडत होती.

"भिजतासा. घरला चला," ती म्हणाली. "बाकीचं उद्या दावा."

आण्णांनी काठी चिखलातून उपसली. "उद्याचं उद्या," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत पुढं चालायला लागले. "ये हिकडं. फुडं अजून एक हाय."